विहिरीवरची शिंदी

भाद्रपद आला की मला राग येतो. लोकांना या महिन्यात मोदक आठवतात, आरत्या आठवतात, तीन दिवसांच्या माहेरवाशिणी गौरी आठवतात. मला एक विहीर आठवते, तिच्यावर वाकलेलं शिंदीचं झाड आठवतं आणि डोकं फिरतं. आठ वर्षं झाली या गोष्टीला. जुना झाला की राग निवतो असं म्हणतात, माझा काही निवलेला नाही. त्यात परवा नाना आमचा जिना चढून वर आले आणि निखाऱ्यावर फुंकर बसावी तसं झालं.

नाना म्हणजे आमच्या आळीच्या सार्वजनिक गणपतीचे सर्वेसर्वा. रेल्वेत ओव्हरसियर होते, निवृत्त झाले. मखर, देखावा, रोषणाई, सगळं त्यांच्या डोक्यातून निघतं आणि निम्मं त्यांच्या हातून होतं. माणूस वाईट नाही, आणि माझी खरी पंचाईत तीच आहे. वाईट असते तर मी त्यांच्या नावानं बोटं मोडून मोकळी झाले असते. पण माझी आई आजारी होती तेव्हा रोज सकाळी तिच्यासाठी डॉक्टरला घेऊन येणारे हेच नाना. त्यांच्यावर रागवायचं म्हणजे आधी स्वतःची समजूत घालावी लागते, आणि ती घालता घालता राग आणखी वाढतो.

मी कल्याणात मुलींच्या शाळेत सृष्टिज्ञान शिकवते. हा विषय शिकवणारी बाई बहुतेक वेळा खिडकीला पाठ करून फळ्यावर कावळा काढत असते, आणि कावळा खिडकीत बसून तिच्याकडे बघत असतो. मीही तशीच शिकवत होते. मला खिडकीकडे वळवलं ते गोमीबाईनं.

गोमीबाई आमच्या आळीत भाजी घेऊन यायची. शहाडची आगरीण. नेसणं गुडघ्यापर्यंत घट्ट, डोक्यावर टोपली, आणि आवाज असा की पहिल्या घरी भाव सांगितला तर शेवटच्या घरी ऐकू जावा. एकदा मी वाल निवडता निवडता तिला विचारलं, "गोमीबाई, तुमच्या शेतावर हल्ली कुठले पक्षी येतात हो?" तिनं माझ्याकडे अशी नजर टाकली की मीच काही तरी विसरले असावे.

"बाय, तू पोरींना रोज पाखरां शिकवतंस, नि मना काय इचारतंस? येकदा शेतावर ये. बस. नि बघ."

म्हणून मी गेले. पुढं दर रविवारी जायला लागले. स्वातंत्र्य येऊन दोन-तीन वर्षं झाली होती. शहाडच्या आजूबाजूला तेव्हा शेतंच शेतं. एका अंगाला निर्वासितांच्या छावणीच्या बराकी, लोक तिला नुसतं कँप म्हणायचे, दुसऱ्या अंगाला मोहन्याच्या कारखान्याचं धुराडं, आणि मधे गोमीबाईचं भात. मी एक जाड वही केली. बारा महिन्यांची बारा पानं, वर्ष संपलं की पुन्हा बारा. ज्या महिन्यात जे दिसेल ते त्या पानावर. गोमीबाईला त्या वहीचं फार हसू यायचं.

काय काय होतं त्या वहीत. फाल्गुन-चैत्रात राब भाजायचे. म्हणजे शेताच्या एका कोपऱ्यात शेण, पालापाचोळा, गवत असं थरावर थर रचून पेटवायचं, त्या भाजलेल्या जागी पुढं भाताची रोपं जोमानं येतात. राब पेटला की कुठून कुठून कोतवाल यायचे. काळेकुट्ट, दुभंगलेल्या शेपटीचे. धुरातून जीव घेऊन पळणारे किडे ते हवेतच टिपायचे. गोमीबाई म्हणायची, "आग आमची नि जेवन त्यांचा." आषाढात आवणीला, म्हणजे भाताच्या लावणीला, बायका चिखलात वाकल्या की त्यांच्या मागं गायबगळे. हिवाळ्यात हेच बगळे पांढरेफटक असतात. आषाढात त्यांच्या मानेला आणि पाठीला पिवळसर तांबूस रंग चढतो, हळद लागलेल्या नवरदेवासारखा. मी कित्येक वर्षं पुस्तकातलं वाचून मुलींना "बगळा पांढरा असतो" असं सांगत आले होते. पहिल्यांदा तो हळदीचा बगळा दिसला तेव्हा माझी मलाच लाज वाटली.

नवरात्राच्या सुमाराला परीट यायचा. हा पक्षी सारखी शेपटी आपटत बांधावरून चालतो, धोब्यानं धुणं आपटावं तशी, म्हणून त्याला परीट म्हणतात. कुठून येतो ते गोमीबाईला ठाऊक नव्हतं, मलाही तेव्हा नव्हतं. पण तो दिसला की ती विळ्याला धार लावायला काढायची. कापणीला चार माणसं कधी बोलवायची ते तिनं पंचांगावरून कधी ठरवलं नाही. कापणी सुरू झाली की पायाखालून भुर्रकन लावे उठायचे आणि कापणाऱ्या बायका दचकून हसायच्या. मार्गशीर्षात कापल्या शेतात ओलीवर वाल पेरायचे, तिथं टिटवीची जोडी ठरलेली. शिमग्याला पळस फुलला की भोरड्यांचे थवे. त्यांचा गलका एवढा की बांधावर दोन माणसांना बोलणं अवघड.

पण वहीतलं सगळ्यात भरलेलं पान भाद्रपदाचं असायचं, ते सुगरणीमुळे.

गोमीबाईच्या विहिरीवर शिंदीचं झाड वाकलेलं होतं. खालच्या झावळ्यांची टोकं थेट पाण्यावर लोंबायची. आषाढात सुगरण पक्ष्याचा नर पिवळाधमक व्हायचा आणि भाताची पात चोचीनं कडेला चिरायचा. मग टोक धरून उडायचा, की हिरवी लांबलचक दोरी त्याच्या मागं सुटून यायची. अशा शेकडो दोऱ्या विणून घरटं. वर फुगीर, खाली नळी, आणि खाली थेट पाणी, म्हणजे साप-उंदीर यायची सोय नाही. अर्धं घरटं झालं की मादी यायची, आत डोकावायची, इकडे तिकडे ओढून बघायची. पसंत पडलं तर राहायची, नाही तर गेली उडून. नर बिचारा त्याच झावळीवर दुसरं विणायला घ्यायचा. अशी नापास झालेली अर्धी टोपडी झाडाला दर वर्षी चार-सहा तरी लोंबत असायची.

मी वहीत लिहिलं होतं, "घरटे नर विणतो." गोमीबाईला वाचून दाखवलं तेव्हा तिनं तोंडाला पदर लावला. "बांधतो नवरा नि सुगरन बाई. यो तरी येक बरा जाला आमचे वाट्याला."

भाताची पात चिरली म्हणून ती कधी त्यांच्यावर ओरडली नाही. मी एकदा विचारलं, नुकसान होत नाही का. ती म्हणाली, "किती खातील? किती फारतील? तेंचा बी घर हाय." पण त्या झाडाचे तिचे नियम मात्र कडक होते. दसऱ्याआधी शिंदीला हात लावायचा नाही. भाद्रपदभर विहिरीच्या त्या बाजूला कपडे आपटायचे नाहीत. पिल्लं उडून गेली, घरटी सुकली, की दसऱ्यानंतर ती स्वतः आकडीनं चार घरटी ओढून काढायची आणि खुडूक कोंबडीच्या टोपलीत अंड्यांखाली घालायची. तिच्या सासूनं तेच केलं होतं, सासूच्या सासूनंही. एका पाखराचं रिकामं घर दुसऱ्या पाखराच्या पिल्लांना. मला हे इतकं आवडलं होतं की मी ते वहीत दोनदा लिहून ठेवलं.

आणि मग मी शहाणपणा केला.

आमच्या शाळेचं एक हस्तलिखित निघायचं. मुख्याध्यापिकाबाईंनी मला लेख मागितला. मी "शहाडच्या शेतावरील पक्षी" असा लेख लिहिला, महिन्यावार, वहीतून उतरवून. अक्षर माझं चांगलं आहे. नुसतं लिहून भागलं नाही, नकाशाही काढला. स्टेशन, त्यापुढं फाटक, फाटकाच्या उजवीकडची पाऊलवाट, दोन आंबे, विहीर, शिंदी. शिंदीवर लाल शाईनं फुली. आणि खाली बारीक अक्षरात वाक्य, ते मला अजून तोंडपाठ आहे: "सुगरणीची घरटी पाहावयाची असल्यास भाद्रपदाचा पहिला पंधरवडा सर्वांत उत्तम." तपासणीला आलेल्या साहेबांनी शेरा मारला, नकाशा उत्तम. मुख्याध्यापिकाबाईंनी ते हस्तलिखित सगळ्यांना बघायला मिळावं म्हणून गावच्या वाचनालयात ठेवलं. मी महिनाभर हवेत होते.

शेतावर कोण कधी येतं हे गोमीबाईच्या घराण्याला पिढ्यान्‌पिढ्या माहीत होतं, पण कुणी त्याचा नकाशा काढला नव्हता. तो काढायला शिकलेली बाई लागली.

त्या वर्षीची हरितालिका. शाळा अर्धा दिवस होती. दुसऱ्या दिवशीच्या पूजेला दूर्वा-पत्री आणायच्या निमित्तानं मी दुपारी शहाडला गेले. सकाळीच आमच्या आळीत गोमीबाईकडून अळू घेतलं होतं, सणाची म्हणून त्या दिवशी तिची भाजी भरपूर होती. मी पोचले तेव्हा ती नुकतीच परतली होती. रिकामी टोपली बाजूला टाकून विहिरीच्या काठावर बसली होती. मी तिच्याकडे आधी बघितलंच नाही, सवयीनं वर बघितलं. वर काही नव्हतं.

कोयत्यानं झावळ्या उतरवल्या होत्या. घरट्यांच्या सगळ्या. देठांचे पांढरे काप तेवढे राहिले होते. खाली चिखलात पावलं उमटली होती, दोन-तीन अर्धी टोपडी तुडवली गेली होती. ती अर्धी असल्यामुळं नेणाऱ्यांच्या कामाची नव्हती. आणि वर सुगरणी. चोचीत नाकतोडा धरून मादी यायची, जिथं झावळीचं टोक असायचं तिथं हवेत फडफडत थांबायची, वळायची, एक फेरी मारून पुन्हा तिथंच यायची. नाकतोडा चोचीतच. एक नव्हे, पंधरा-वीस. आवाज विशेष नव्हता. मला वाटलं होतं कालवा करतील, पण त्या नुसत्या येत होत्या आणि जात होत्या.

माझ्या तोंडून काय निघालं ते लिहायला नको वाटतं, पण लिहिते. मी म्हणाले, "कँपातल्या लोकांचं काम असणार हे. जळणाला नेलं असेल."

गोमीबाईनं मान हलवली. "नाय बाय. तेंच्या बाया रोज हितं पान्याला येतात. परवा येक म्हातारी कवरी वेल वर बघत बसली व्हती. रडत व्हती. तिचा बी घर गेलाय ना."

मी दूर्वा शोधायला वळले. पण मनातून तसंच धरून होते. आपल्या माणसांचं नाव मनात आलंसुद्धा नाही. दूर्वा खुडल्या आणि घरी आले.

चतुर्थीला सकाळी आळीतल्या गणपतीची स्थापना झाली आणि दुपारच्या आरतीला मी गेले. नानांनी त्या वर्षी "आपला शेतकरी" असा देखावा केला होता. तरटाचा डोंगर, आरशाचं तळं, मातीची बैलजोडी, डोक्याला मुंडासं बांधलेला मातीचा शेतकरी. आणि मूर्तीवर कमानीसारख्या वाकवलेल्या शिंदीच्या झावळ्या, त्यांना लोंबणारी सुगरणीची घरटी. हिरवी पात अजून पुरती सुकलीही नव्हती.

नाना घामाघूम, पण चेहरा फुललेला. मला बघून गर्दीतून पुढं आले. "या बाई, या. ओळखा बघू कुठली? अहो, वाचनालयात तुमचा लेख वाचला आणि म्हटलं, कागदाची घरटी कशाला करायची, खरीच आणू. काल सकाळी तिघे जण गेलो. तुमचा नकाशा काय चोख आहे हो, कुठं म्हणून विचारावं लागलं नाही. थेट फुलीवर."

तेवढ्यात समोर बसलेल्या एका आजींनी कान टवकारले. "अगं बाई, आत पिल्लं बोलतायत." खरंच बोलत होती. अगदी बारीक, एकमेकांत मिसळलेला चिवचिवाट. आणि माणसांनी काय करावं? माणसं हरखली. देखावा जिवंत झाला म्हणाली. बापांनी लेकरं खांद्यावर घेतली, घरट्याला कान लावून ऐकवलं. "ऐकलंस? चिऊ बोलते." काल सकाळपासून पोटात दाणा नव्हता त्या चिऊच्या. ती भुकेनं बोंबलत होती आणि आमची आळी कौतुकानं तिचं गाणं ऐकत होती. माणसं क्रूर नव्हती. त्यांना एवढंसुद्धा माहीत नव्हतं की घरट्यात पिल्लू असलं तर त्याला कुणी तरी भरवावं लागतं. घरोघरी पाळणे हललेली माणसं ही.

मग आरती सुरू झाली. झांजा, टाळ्या, घंटा. आणि मीही टाळ्या वाजवल्या. हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. मी इतरांवर आठ वर्षं चिडले आहे, त्यात हे सांगायचं नेहमी राहून जातं. मी ओळीत उभी होते, माझ्या शाळेतल्या निम्म्या मुली तिथं होत्या, आणि मी त्यांच्याबरोबर तालात टाळ्या वाजवल्या. त्या आवाजात पिल्लांचा आवाज ऐकू येईना तेव्हा मला क्षणभर बरंही वाटलं.

आरती संपल्यावर मी नानांना बाजूला घेतलं. म्हटलं, "नाना, ही घरटी उतरवा. मी आत्ता टांग्यानं घेऊन जाते, झाडाला बांधते. आया अजून तिथं असतील."

"आता? देव बसलाय बाई तिथं. मखराला हात कसा लावायचा विसर्जनाआधी?"

"पिल्लं मरतील."

नानांनी माझ्याकडे फार मायेनं बघितलं. ती माया मला अजून सोसत नाही. म्हणाले, "तुम्ही फार मनाला लावून घेता. पाखरंच ती. पुढच्या वर्षी पुन्हा बांधतील."

संध्याकाळपर्यंत आवाज बंद झाला. तिसऱ्या दिवशी झावळीवरून मुंग्यांची रांग लागली तेव्हा कुणी तरी पावडर टाकली, कुणी तरी अत्तर शिंपडलं. गावातल्या गणपतींच्या आराशीत आमच्या आळीला पहिलं बक्षीस मिळालं, चांदीचा पेला. तो अजून नानांच्या काचेच्या कपाटात आहे.

गौरी आणायच्या दिवशी सकाळी गोमीबाई तेरडा घेऊन आली. आमच्याकडे बऱ्याच घरी तेरड्याचीच गौर असते, त्यामुळं त्या दिवशी तिची वाट बघायचे सगळे. टोपली ओट्यावर ठेवून ती देवाला हात जोडायला मंडपात गेली. मी गॅलरीतून बघत होते. मला खाली धावत जाऊन तिला अडवायचं होतं आणि पाय उचलत नव्हता. ती आत गेली, हात जोडले, वर बघितलं. कितीतरी वेळ वर बघत राहिली. मग बाहेर आली, टोपली उचलली आणि आमच्या जिन्याखाली येऊन थांबली.

"बाय, तुजे वहीनच व्हता ना यो सगला?"

मी म्हटलं, "हो."

ती आणखी काही बोलली असती तर बरं झालं असतं. चार शिव्या घातल्या असत्या तर मी त्या पदरात घेतल्या असत्या. तिनं आमच्या घरचा तेरडा जिन्याच्या पायरीवर ठेवला आणि गेली. त्यानंतर गोमीबाई आमच्या आळीत भाजी घेऊन कधी आली नाही. पलीकडच्या आळीत तिचा आवाज यायचा आणि आमच्या बायका म्हणायच्या, काय माजली आहे बघा, इकडे यायला नको हिला.

माझं शहाडला जाणं सुटलं नाही. गोमीबाईनं कधी येऊ नको म्हटलं नाही, पण ये असंही म्हटलं नाही. मी बांधावर बसायची, ती तिच्या कामात. पहिल्या वर्षी आषाढात मी रोज मनात म्हणत होते, येतील. राबावर कोतवाल आले होते, आवणीला हळदीचे बगळे आले होते, सगळे आपापल्या वेळेवर. शिंदीला नवी झावळी फुटली होती. सुगरणीचे पिवळे नरही आले, दोनदा. झाडावर बसले, इकडे तिकडे बघितलं आणि उडून गेले. एक पात कुणी आणली नाही. श्रावण गेला, भाद्रपद गेला. मी त्या पानावर लिहिलं, "सुगरण: नाही."

गणपतीत मी नानांना सांगितलं, "नाना, बांधली नाहीत हो यंदा."

"मग दुसरीकडे बांधली असतील. त्यांना काय, पंख आहेत."

पंख आहेत म्हणे. पंख असले म्हणजे घर असलं काय आणि नसलं काय. हे बोलणारे नाना चाळीस वर्षं त्याच दोन खोल्यांत राहतात. मालकानं मागच्या बाजूचा नळ बंद केला तेव्हा याच नानांनी तीन महिने सगळ्या बिऱ्हाडांची झोप उडवली होती. एक नळ बंद झाला तर माणसाच्या जिवाचं पाणी पाणी होतं. आणि पाखराचं सगळं कुळ कोयत्यानं उतरवलं तर त्याला पंख असतात.

पुन्हा बांधतील. हे वाक्य मला या आठ वर्षांत इतक्यांदा ऐकू आलं आहे की मी त्याची वाटच बघत असते. मोठा आंबा तोडला, पुन्हा लागेल. बांध फोडला, पुन्हा घालतील. असं बोलणाऱ्यानं कधी एक पात चिरून बघावी. मी बघितली आहे. चोच नाही, मला दोन हात आणि दहा बोटं आहेत, तरी तीन पाती चिरायला अर्धा तास गेला आणि तिसरी तुटली.

दुसऱ्या वर्षीही "नाही." तिसऱ्या वर्षी, चौथ्या वर्षीही. त्यानंतर ती शिंदीच वठली. आता तिथं विहीर आहे, शेतही निम्मं आहे, म्हणून त्या जागेचं नाव मी वर खुशाल लिहिलं. तिथं आता न्यायला काही उरलेलं नाही.

या श्रावणात एका रविवारी मी नेहमीप्रमाणे बांधावर बसले होते. गोमीबाई भातातलं तण काढत, बेणणी करत होती. केस पिकले आहेत आता तिचे, कंबर वाकली आहे. दुपारी ती पाय धुऊन वर आली, माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "बाय, चल."

आठ वर्षांत हे तिचं पहिलं बोलणं. मी उठले. आम्ही बरंच चाललो. कुठल्या बाजूला, किती वेळ, वाटेत काय लागलं, ते मी लिहिणार नाही. शेवटी ती थांबली आणि हनुवटीनं वर दाखवलं. मी वर बघितलं आणि माझ्या डोळ्यांना धार लागली. पिवळेधमक नर होते, हिरव्या दोऱ्या होत्या, अर्धी टोपडी होती, पुरी घरटी होती, आणि एक मादी एका घरट्याच्या तोंडाशी बसून ते ओढून बघत होती. ते तिला पसंत पडलं नाही. ती गेली तसा गोमीबाईनं तोंडाला पदर लावला, आठ वर्षांपूर्वी लावायची तसाच.

मग माझ्याकडे वळली. "वहीन लिवू नको."

"नाही लिहिणार."

"पोरींना बी सांगू नको."

इथं मी अडले. म्हटलं, "गोमीबाई, मुलींना तरी. त्यांना घेऊन येईन, लांब बसवीन, आवाज करू देणार नाही. त्यांना हे कळायला हवं."

"पोरी घरी जातात ना?" ती म्हणाली. "घरान सांगतात ना?"

तिचं बरोबर होतं. मी मान हलवली.

माझा खरा राग विचाराल तर हा आहे. पिल्लांचा आहे, शिंदीचा आहे, नानांच्या पेल्याचा आहे, पण सगळ्यात मोठा हा. मी वीस वर्षं मुलींना सांगत आले, डोळे उघडे ठेवा, दिसेल ते लिहा, लिहिलेलं चार जणांना दाखवा. आणि माझ्या आयुष्यात मी बघितलेली सगळ्यात सुंदर गोष्ट आज मला माझ्याच मुलींपासून चोरीच्या मालासारखी लपवून ठेवावी लागते. कुणापासून? चोर-दरोडेखोरांपासून नव्हे. भल्या, शिकलेल्या, देवभोळ्या माणसांपासून, जी माझ्या आईसाठी डॉक्टर आणतात. वर्गात मी परवा सुगरणीचा धडा घेतला. एका मुलीनं विचारलं, "बाई, खरं घरटं कुठं बघायला मिळेल?" मी फळ्याकडे वळले आणि खडूनं घरटं काढलं. नळी वाकडी आली.

आणि त्याच संध्याकाळी नाना जिना चढून आले. आता त्यांना दम लागतो. मी खुर्ची दिली, पाणी दिलं. पाणी पिऊन म्हणाले, "बाई, एक काम होतं. मंडळाच्या पोरांना मी म्हटलं, यंदा आपला तो जुना देखावा पुन्हा करू. शेतकऱ्याचा. अहो, लोक अजून आठवण काढतात त्याची, ती पिल्लं कशी बोलत होती. माझ्या हातून हा शेवटचाच. तेवढं घरटी कुठं मिळतील ते सांगा. तुमच्याइतकं या गावात कुणाला ठाऊक आहे?"

टेबलावर वही पडली होती. त्यांच्या हातापासून वीतभर अंतरावर.

"नाहीत, नाना," मी म्हटलं.

"कुठंच नाहीत?"

"कुठंच नाहीत."

त्यांना खरंच वाईट वाटलं, ते चेहऱ्यावर दिसत होतं. मान हलवत म्हणाले, "काय दिवस आले बघा. आमच्या वेळी झाडं लगडलेली असायची. कुठं गेली हो सगळी?"

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. पण मी काही बोलले नाही. बोलले असते तर एक शब्द जास्त गेला असता. त्यांना हात धरून जिना उतरवून दिला, खालच्या पायरीपर्यंत.

वर आले, वही उघडली. भाद्रपदाचं पान काढलं, वर महिना आणि साल लिहिलं. मुलींना नेहमी सांगते तसा डावीकडे समास सोडला. मग पेनाला टोपण घातलं आणि ते पान तसंच कोरं ठेवून वही मिटली.